लाट पोचवायची होती

साखर कारखान्यातली लाट पाण्याची नसते, बिडाची असते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पाव्हण्यारावळ्यांना मी लाटेबरोबर परदेशात फिरलो असं सांगितलं की ते बोटीचं विचारायला लागतात. बोट मी धक्क्यावर उभी असलेली पाहिली, तेवढीच. माझा खरा प्रवास झाला तो रस्त्यानं, आणि त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ नकाशात तशी रेघ होती म्हणून.

मिलमध्ये तीन जाडजूड रूळ एकमेकांना खेटून फिरतात. त्यांच्यामधून ऊस जातो, खाली रस पडतो, पलीकडून चिपाड बाहेर येतं. साहेब लोक त्या रुळाला रोलर म्हणतात. आमच्या शिरूर-दौंडकडची जुनी माणसं बैलाच्या चरकापासून लाट म्हणत आली, म्हणून आम्हीही लाटच म्हणायचो. मी सांगतोय त्या लाटेचं वजन अठरा टन होतं. एवढं धूड, पण त्याचा सगळा जीव दोन टोकांना. तिथला दांडा आरशासारखा घासलेला असतो. त्याला जर्नल म्हणतात आणि तोच भाग बेअरिंगमध्ये बसतो. तिथं नखाएवढी खोच पडली तरी बेअरिंग तापतं. बेअरिंग तापलं की मिल थांबते, मिल थांबली की गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि मग रांगेतले लोक मिल फिटरच्या घराण्याचा उद्धार सुरू करतात. न्हावऱ्याजवळच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मी तो उद्धार ऐकला. माझे वडील मेंढरं घेऊन वर्षाचे आठ महिने फिरायचे. घरात एका जागी उभं राहून पगार घेणारा मीच पहिला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला पुण्याच्या एका कंपनीनं टांझानियात साखर कारखाना उभारायला घेतला. त्यांची एक लाट तिकडं पोचली तेव्हा तिच्या जर्नलवर साखळीचे वळ उठले होते. कुणीतरी साखळी नेमकी तिथंच आवळली होती. म्हणून दुसऱ्या लाटेबरोबर बंदरापासून साईटपर्यंत एक फिटर द्यायचा असं ठरलं, आणि आमच्या चीफ इंजिनियरनी माझं नाव सुचवलं. "कोळपे लाटेशेजारी झोपतील पण तिला हात लावू देणार नाहीत," असं ते म्हणाल्याचं मला नंतर कळलं. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

पासपोर्टच्या चौकशीसाठी शिरूरच्या ठाण्यात दोनदा जाऊन आलो. हवालदारानं विचारलं, "तिकडं ऊस हाय का?" मी म्हणालो, "आसंल की, त्याबिगर कारखाना कशाला काढत्याल." निघताना दौंड स्टेशनावर बायको, शांता, पोचवायला आली होती. गाडी हलता हलता ती म्हणाली, "आवं, भांडू नका कुणाशी. तिकडं सोडवायला कोन न्हाई." मी बेचाळीस वर्षांचा होतो, आणि आपल्याला सोडवायला कुणी नसणं म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं.

लाट बोटीनं आधीच गेली होती, मी मागून विमानानं गेलो. दार-ए-सलामच्या धक्क्यावर ट्रेलर उभा होता. ड्रायव्हरचं नाव हमिसी. पन्नाशीचा, उंच, पुढचा एक दात नसलेला. मला मराठी आणि कामापुरतं हिंदी, त्याला स्वाहिली. इंग्रजीचे दहा-बारा शब्द दोघांकडं होते, ते सगळे मशिनरीचे. तो क्लीनरला घेऊन आला होता, पण तो माणूस दोडोमा गावात उतरला. त्याच्या घरी काही झालं होतं. तिथून पुढं आम्ही दोघंच.

बोलायचं काय आणि कसं, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुटायला लागला. मी चहा म्हणालो, तर तो म्हणाला चाय. मी साबण काढला, तो म्हणाला साबुनी. गाडीला त्यांच्यात गारी, दुकानाला दुका, खबरेला हबारी, औषधाला दावा, आणि चपातीला चक्क चपाती. पान्याला ते स्पाना म्हणतात आणि जॅकला जेकी. असा एखादा शब्द जुळला की हमिसी स्टिअरिंगवर थाप मारायचा आणि मोठ्यानं हसायचा. मला तो फुंडी म्हणायचा. म्हणजे कारागीर. माझं नाव सोपान हे मी त्याला दोनदा सांगितलं, पण त्याला फुंडीच आवडायचं.

दोडोमापर्यंत डांबर होतं. तिथल्या पोस्टातून मी दोन फोन केले. पहिला साईटवर. तिथं पेठे साहेब म्हणून पुण्याचे इंजिनियर होते. ते म्हणाले, "कोळपे, तुमच्या लाटेवाचून सगळं अडलंय. पुढची जमीन काळी आहे. पाऊस लागला की ती वाट बंद होते. पावसाच्या आत पोचा. आणि काही झालं तरी लाट सोडून कुठं जायचं नाही." दुसरा फोन न्हावऱ्याच्या किराणा दुकानात, कारण आमच्या आळीला तेवढाच फोन होता.

"हॅलो, मी सोपान बोलतुय. शांताला बोलवा जरा."

"वैनी न्हाईत ओ. वरवंडला गेल्यात म्हायेरी. काय सांगू?"

मी घड्याळ बघितलं, फोनचे पैसे चढत होते. मग म्हणालो, "फोन आला हुता म्हणून सांगा."

दोडोमाच्या पुढं डांबर संपलं. आमच्याकडं शिरूर-चौफुला रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेले खड्डे लोकांनी पाहिलेत. तसे खड्डे एकमेकांना चिकटून शंभर-शंभर कोस, अशी कल्पना करा. कुठं मुरूम, कुठं काळी माती, कुठं नुसत्या खडकाच्या पायऱ्या. ताशी आठ-दहा किलोमीटर. दर तासाला मी उतरायचो, साखळ्या तपासायचो, जर्नलवरच्या लाकडी पट्ट्या सरकल्यात का बघायचो आणि परत चढायचो. केबिनमध्ये डोकं टपाला आपटून आपटून मला टेंगूळ आलं होतं. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, मधूनच एखादं पोट सुटल्यासारखं बुंधा फुगलेलं झाड. दिवसातून दोन-तीन गाड्या समोरून येत. अख्ख्या दिवसात मिळून माझे शंभर शब्दसुद्धा बोलून होत नसत. कामाच्या गडबडीत घरची आठवण येत नाही म्हणतात. मला तर साखळी आवळतानाच यायची.

सहाव्या दिवशी हमिसीला ताप भरला. तो म्हणाला, "होमा." कपाळाला हात लावून दाखवला. माझ्याकडच्या गोळ्या मी त्याला दिल्या. सातव्या दिवशी तो स्टिअरिंग धरून कुडकुडत होता आणि बाहेर तर ऊन रणरणत होतं. त्या सकाळी आम्ही एका गावात शिरलो. दहा-वीस घरं, एक टपरी, आणि टेकाडावर पत्र्याच्या छपराची लांब इमारत, तिच्यावर क्रूस. हमिसीनं गाडी थांबवली. त्या इमारतीकडं बोट केलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "फुंडी. हॉस्पिटाली."

आता इथं थोडं समजावून सांगायला हवं. गाडी त्याची होती, पण माल माझ्या ताब्यात. कुठं थांबलो, किती थांबलो, हे रोज एका कागदावर भरून मी सही करायचो. माझ्या होकाराशिवाय थांबला तर त्याची नोकरी जाऊ शकत होती. म्हणून तो विचारत होता.

मी आभाळाकडं पाहिलं. पश्चिमेला ढग जमले होते. अजून तीनशे किलोमीटर काळी जमीन बाकी होती. दवाखान्यात गेलो तर ते ठेवून घेणार, दोन दिवस, चार दिवस. पेठे साहेबांचा आवाज कानात होता. आणि खरं सांगायचं तर त्यामागं आणखी एक होतं: लाट पोचली की मी घरी जाणार होतो.

हॉस्पिटाली हा शब्द कळायला स्वाहिली यावी लागत नाही. शाळेत न गेलेल्या माणसालाही तो कळेल. मी चेहरा कोरा ठेवला. मग टपरीकडं बोट केलं आणि म्हणालो, "चाय?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हसला, थोडंसं. आम्ही टपरीवर चहा प्यायलो. भर उन्हात तो पेला दोन्ही हातांनी धरून ऊब घेत होता, ते मी बघितलं नाही असं केलं. मग तो उठला, केबिनमध्ये चढला आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक कोरडी नदी लागली. पूल नव्हता, वाळूतून आडवं जायचं होतं. चांगला असता तर हमिसी आधी उतरून काठीनं वाळू तपासून आला असता. इतके दिवस तसंच करत होता. त्या दिवशी तो उतरला नाही. निम्म्यात गेल्यावर ट्रकची मागची चाकं रुतली, त्यानं रेस केलं, ती आणखी खाली गेली, आणि ट्रेलरचा एका बाजूचा स्प्रिंगचा पाटा मोडल्याचा आवाज आला. इंजिन बंद केलं. दार उघडलं. एक पाय खाली टाकला आणि तो तसाच वाळूत पडला.

मी त्याला ट्रेलरखाली सावलीत ओढलं. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. पाणी पाजलं ते त्यानं ओकून टाकलं. ओलं फडकं कपाळावर ठेवत मी त्याच्याशी मराठीत बोलत होतो. "हमिसी, बाबा, ऐक माजं. आत्ता गाडी यील यखादी." ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मक्याची पोती भरलेली लॉरी, आम्ही आलो त्या बाजूला निघालेली. मी हातवारे करून समजावलं, हॉस्पिटाली, हॉस्पिटाली. आता मला तो शब्द अगदी छान बोलता येत होता. चौघांनी मिळून हमिसीला पोत्यांवर झोपवलं. लॉरीचा ड्रायव्हर मलाही हात करत होता, तूही चल म्हणून.

मी लाटेकडं बघितलं. लाट सोडून कुठं जायचं नाही. मी मान हलवली. नाही. हमिसीनं पोत्यांवरून माझ्याकडं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. डोळे उघडे होते एवढं खरं. लॉरी गेली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला.

पुढचे नऊ दिवस मी त्या नदीत मदतीची वाट बघत होतो.

लॉरीवाला निरोप पोचवील, मदत येईल, हे धरून चाललो होतो, पण किती दिवसांनी ते माहीत नव्हतं. माझ्याकडं पिठाची अर्धी पिशवी होती, कांदे, मीठ, आणि शांतानं दिलेली लसणाची चटणी. पाणी वाळूत झिरा खणून काढायचो. सकाळी उठलो की जर्नलवरच्या पट्ट्या सोडायच्या, ग्रीस बघायचं, नवं लावायचं, पट्ट्या परत आवळायच्या. त्यात तास जायचा. मग दिवसभर काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मी लाटेशी बोलायला लागलो. काय गं, तुला काय, तू बसलीयास आरामात. पाचव्या दिवशी बोलायचं बंद केलं, कारण आपला आवाज कानावर पडला की जास्त एकटं वाटायचं. माणूस मेला असेल का, एवढा एकच विचार दिवसभर डोक्यात फिरायचा. मी त्याचं आडनाव विचारलं नव्हतं. त्याला मुलं किती, गाव कुठलं, काही विचारलं नव्हतं. साबणाला काय म्हणतात ते मात्र विचारलं होतं.

चौथ्या दिवसापासून गुराखी यायला लागले. गायी, शेरडं, मेंढरं. ते लोक नदीतच झिरे खणून जनावरांना पाणी पाजत. पहिल्या दिवशी ते पलीकडच्या काठावरून माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या मेंढरांच्या अंगावर लोकर नव्हती, शेरडासारखे केस होते. धनगराच्या पोराला ते बघून कसंसंच झालं. एक म्हातारा खोल झिऱ्यात उतरून वाडग्यानं पाणी वर देत होता आणि वर घेणारं माणूस कमी पडत होतं. मी न विचारता जाऊन उभा राहिलो. दोन तास पाणी ओढलं. म्हाताऱ्यानं कपाळाचा घाम पुसला, माझे तळहात उलटे करून घट्टे बघितले, आणि काहीतरी म्हणाला. बाकीचे हसले. दुसऱ्या दिवशी एक बाई पोखरलेल्या वाळक्या भोपळ्यात दूध घेऊन आली. दुधाला धुराचा वास होता. आम्ही एकमेकांचा एक शब्दही समजू शकत नव्हतो. पण दुपारचे ते दोन तास मी माणसांत असायचो. ते निघाले की त्यांच्या मागं शेवटचं जनावर झुडपात शिरेपर्यंत मी बघत राहायचो.

सातव्या दिवशी ढग वरच्या अंगाला काळे झाले. आमच्यावर थेंब नाही. दुपारी मी ट्रेलरखाली आडवा होतो, तर काठावरून म्हातारा ओरडायला लागला, दोन्ही हात वर करून. मग मला तो आवाज आला. दौंडच्या यार्डात लांबून मालगाडी येते तसा. मी साखळीला धरून वर चढलो आणि लाटेवर जाऊन बसलो. पाणी भिंतीसारखं आलं नाही, पसरत आलं, तांबडं, काटक्या आणि फेस घेऊन. बघता बघता चाकं पाण्याखाली गेली. ट्रेलर थरथरत होता, चाकांखालची वाळू निघून जात होती आणि एका बाजूला तो हळूहळू कलत होता. अठरा टन बीड खाली गेलं तर मीही जाणार, हे मला दिसत होतं. काठ पन्नास पावलांवर होता. मला पोहता येतं, विहिरीत शिकलोय, पण त्या पाण्यात उतरायची हिंमत झाली नाही. मी साखळी धरून बसलो. काठावर म्हातारा आणि त्याची माणसं बसून राहिली. त्यांना काही करता येत नव्हतं, तरी ती गेली नाहीत. दिवस कलायला लागला तसं पाणी उतरलं. म्हातारा वाळूतून चालत आला, माझ्या खांद्यावर जोरात थाप मारली, आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडलो.

नवव्या दिवशी कंपनीचा दुसरा ट्रक आला. जॅक, फळ्या, नवे पाटे आणि आठ माणसं. मी पहिलं विचारलं, "हमिसी?" नवा ड्रायव्हर म्हणाला, "हॉस्पिटाली." म्हणजे जिवंत होता. गाडी काढायला दोन दिवस गेले. पाऊस त्या भागात नंतर लागलाच नाही नीट. आणखी पाच दिवसांनी आम्ही साईटवर पोचलो. जर्नलवर एक ओरखडा नव्हता.

पेठे साहेब बाहेर आले. त्यांनी पट्ट्या काढायला लावून जर्नलवर अंगठा फिरवला. "वा, कोळपे! मानलं तुम्हाला. आता ही ठेवायची कुठं ते बघू."

"कुठं म्हंजी? मिलवर चढवायची न्हाई?"

"फाउंडेशनचं काँक्रीट अजून ओतलेलं नाही. सिमेंटचं जहाज आलं नाही ना."

"साहेब, तुमी फोनवर म्हणाला हुता की लाटेवाचून सगळं अडलंय."

ते जरा ओशाळून हसले. "अहो, तसं सगळ्यांनाच म्हणावं लागतं. नाहीतर कुणी वेळेवर येतच नाही."

लाट लाकडी ओंडक्यांवर ठेवली आणि वरून ताडपत्री टाकली. दोन महिने ती तशीच होती.

काँक्रीट झालं, लाट बसवली, बेअरिंगची मापं जुळली, आणि मी घरी निघालो. बस त्याच रस्त्यानं जात होती. पत्र्याच्या छपराचं ते गाव आलं तेव्हा मी उतरलो. दवाखान्यात एक सिस्टर भेटली, केरळची. कित्येक दिवसांनी कुणाशीतरी हिंदीत बोललो. तिला हमिसी चांगला आठवत होता. ताप मेंदूत गेला होता, ती म्हणाली. सलाईनमधून कुनीन द्यावं लागलं. जीव वाचला, पण कान गेले. दोन्ही.

"वापस आएगा?" मी विचारलं.

"इतने दिन हो गए, अब मुश्किल है." मग तिनं तिच्या कामाच्या सवयीनं, कुणाला दोष न देता सांगितलं, "दो-तीन दिन पहले लाते, तो शायद गोली से ही ठीक हो जाता."

तो तिथंच बहिणीकडं राहत होता. ऐकू येत नाही म्हटल्यावर ट्रक हातातून गेला होता. मी दारात उभा राहिलो तर तो भिंतीला टेकून टोपली विणत होता. मला बघितल्यावर उठला आणि केवढ्यातरी मोठ्यानं ओरडला, "फुंडी!" बहिरी माणसं बोलतात तसा. माझे दोन्ही हात धरले. मग हातानं ट्रेलर दाखवला, वर गोल रूळ दाखवला, आणि भुवया उंचावल्या. पोचली का? मी मान हलवली. तो खूश झाला, आत बघून बहिणीला काहीतरी सांगितलं. तिनं चहा आणला.

त्यानं पेला हातात घेतला. मग दाराबाहेर टेकाडाकडं बोट केलं. "हॉस्पिटाली," म्हणाला. पेला उचलून दाखवला. "चाय." आणि माझ्याकडं बघून मान डोलावली, हळूहळू. रागानं नाही. मला त्या दिवशी समजलं होतं, हे त्याला त्याच दिवशी समजलं होतं. तरी तो मुकाट्यानं चहा पिऊन केबिनमध्ये चढला होता.

मी म्हणालो, "व्हय. समाजलं हुतं मला. घरी जायचं हुतं म्हणून तसं केलं." मराठीत म्हणालो. त्याला ऐकू येत नव्हतं आणि त्याच्या बहिणीला भाषा कळत नव्हती. कबूल करायला ती जागा फार सोयीची होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तो माझ्या ओठांकडं बघत होता. मग त्यानं माझा पेला माझ्या हातात दिला.

मी बंदराची बस धरली नाही. दुसऱ्या दिवशी हमिसीला घेऊन परत साईटवर गेलो. पेठे साहेब म्हणाले, "कोळपे, बहिरा माणूस मिलवर? हात जाईल एखाद्या दिवशी."

मी म्हणालो, "साहेब, मिल फिरायला लागल्यावर तिथं कान कुणाला आसत्यात?"

हे खरंच आहे. चालू मिलशेजारी दोन माणसं तोंडाला तोंड लावून ओरडली तरी ऐकू जात नाही. आमचं सगळं काम हातांनी चालतं. मूठ आवळली की थांब, तळवा खाली केला की हळू, मनगट फिरवलं की तेल बघ. साहेबांनी एकदा हमिसीकडं बघितलं. मग म्हणाले, "ट्रायल होईपर्यंत तुम्ही त्याच्याबरोबर थांबणार असाल तर." मी थांबलो. घरी फोन केला, या वेळी शांता सापडली. "आनि किती दिस?" एवढंच तिनं विचारलं.

तीन आठवड्यांत हमिसी आमच्या खुणा शिकला. तेलाच्या कामावर तो दुसऱ्या कुणापेक्षाही चांगला निघाला. आम्ही बेअरिंगला जाता जाता हात लावायचो; तो प्रत्येक बेअरिंगच्या कवचावर तळवा ठेवून उभा राहायचा, डोळे मिटून. ट्रायलच्या चौथ्या दिवशी त्यानं मला बाहीला धरून ओढत नेलं आणि माझा हात एका बेअरिंगवर दाबला. मला काहीच लागेना. त्यानं हट्टानं परत दाबला. उघडून बघितलं तर तेलाची नळी कचऱ्यानं तुंबत आली होती. अजून तासाभरानं ते बेअरिंग जळालं असतं.

मी निघालो त्या दिवशी तो ड्यूटीवर होता. मिल फिरत होती. निरोप घ्यायला आमच्याकडं खूण नव्हती. कारखान्यात तशी लागत नाही. त्यानं तेलाचा हात कपड्याला पुसला, माझ्या खांद्यावर ठेवला, आणि परत कामाला लागला.

पुढच्या वर्षी पेठे साहेबांचं पत्र आलं. तुमचा हमिसी आता मिलच्या तेलाचं काम एकटा सांभाळतो, तुमच्याविषयी खुणेनं विचारतो, यंदा सीझन सुरू करायला तुम्ही याच, तिकीट पाठवतो. शांतानं बॅग माळ्यावरून काढून उन्हातसुद्धा ठेवली होती. मी दोन दिवस विचार केला. त्यानं मला कधी काही विचारलं असतं, भांडला असता, तर मी गेलो असतो. ज्यानं काहीच मागितलं नाही त्याच्याशेजारी रोज सकाळी उभं राहायचं, ते मला झेपलं नसतं. साहेबांना मी लिहून कळवलं, गुडघे फार दुखतात, प्रवास होणार नाही.

गुडघे तेव्हा ठणठणीत होते.